विश्लेषण : हमी उत्पन्नाची की कामाची? वि. स. पागे यांनी मांडलेला हिशेब

केंद्राची ग्रामीण रोजगार हमी योजना २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्या पहिल्या यादीत हिंगोलीही होता. परभणीतून वेगळा होऊन त्याला सातही वर्षे झाली नव्हती. योजनेची मूळ कल्पना मात्र दिल्लीची नव्हती. ती सांगलीकडच्या वि. स. पागे यांची. सर्वांना बिनशर्त मूलभूत उत्पन्न द्यायचे तर पैसा कोठून आणायचा, हा आजचा प्रश्न त्यांच्यापुढे वेगळ्या रूपात आला होता.

पागे कोण होते?

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा. शिक्षणाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. ही खुर्ची मानाची. तिच्या हाती ना खाते, ना तिजोरी. तरीही १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्यांच्या पुढाकाराने प्रयोग झाला : मागेल त्याला काम. १९७२ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने तो राज्यासाठी स्वीकारला. पाठोपाठ दुष्काळ आला. मराठवाड्यासह राज्यभर खडी फोडणाऱ्या, बंधारे बांधणाऱ्या मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये ५० लाखांच्या घरात गेली.

पैसा कोठून आला?

इथेच या योजनेचे खरे वेगळेपण आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपयांची जी कपात दिसते, ती त्याचीच. त्याला वाहने, विक्रीकर, बागायती जमीन यांवरील अधिभारांची जोड मिळाली आणि जमेल तितकीच रक्कम सरकारने स्वतः घालायची असे ठरले. शहराने खेड्याची मजुरी भरायची, असा हा सरळ सौदा. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता. तोही दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नावापुरताच.

बिनशर्त उत्पन्नाशी तुलना काय सांगते?

२०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने माणशी वर्षाला ७,६२० रुपये आणि ७५ टक्के लोकसंख्या असे गणित मांडले. खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.९ टक्के. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोलीची लोकसंख्या ११.७७ लाख. म्हणजे या एका जिल्ह्याला वर्षाला सुमारे ६७० कोटी. पागे यांच्या रचनेत एवढा पैसा लागत नव्हता, कारण उन्हात घमेले उचलायला गरज असलेलाच येतो. दाखला, यादी, शिफारस काही नको. पण हीच चाळणी म्हातारे, अपंग, आजारी यांनाही बाहेर ठेवते. त्यांच्यापुरता पैसा थेट हाती देण्याला पर्याय नाही.

चाळणी स्वस्त राहिली ती मजुरी कमी होती म्हणूनही. १९८८ मध्ये ती किमान वेतनाइतकी झाली आणि हजेरी घसरली. मागणी आटली नव्हती. पुरेशी कामेच निघत नव्हती, असे अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडेवारीतून दाखवले. पागे यांचे निधन १९९० मध्ये झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. त्यात हमी होती कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती.