एम.ए. होऊन दाखवीन म्हणणारं पोरगं : आगरकरांचं अकोला कनेक्शन

जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघितलेला माणूस म्हणून गोपाळ गणेश आगरकर आपल्याला माहीत असतात. केसरीचे पहिले संपादक, सुधारककार, टिळकांचे आधी दोस्त आणि मग विरोधक, हे शाळेत येऊन गेलेलं असतं. पण हा माणूस मॅट्रिक झाला अकोल्यात. खुद्द अकोल्यातल्या किती पोरांना हे माहितीये?

गोष्ट सुरू होते कराडजवळच्या टेंभूत. 14 जुलै 1856 चा जन्म, घरात गरिबी. शिकायला कराडला आजोळी ठेवलं, पण थोडं इंग्रजी शिकून झालं आणि गाडी अडली. मग कचेरीत कारकुनी. ते सोडून शिकायला रत्नागिरी गाठली, तीही चालत. तिथं जमलं नाही, पुन्हा कराड. दवाखान्यात कंपाउंडरचं कामही केलं. आजच्या भाषेत पोराला मोठा गॅप पडला होता.

शेवटी नातेवाइकांच्या आधारानं ते वऱ्हाडात आले. एवढ्या लांब का? तर वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. पूर्वेचं ठाणं अमरावती, पश्चिमेचं अकोला. कापसाचा पैसा होता, रेल्वे नुकतीच आलेली, कचेऱ्या आणि शाळा वाढत होत्या. नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांच्या घरी गावाकडचं एखादं पोरगं शिकायला असणं नेहमीचंच.

अकोल्याच्या शाळेत त्यांना भेटले विष्णु मोरेश्वर महाजनी. स्वतः एम.ए., वयानं काही फार मोठे नव्हते. आठवण अशी सांगतात, की एकदा महाजनी सर चिडले आणि तुझ्या हातून काही होणार नाही असं बोलून गेले. त्यावर या पोरानं भर वर्गात ठणकावलं, की तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवीन. खिशात दमडी नसताना! पुढं याच महाजनींनी त्यांना मदत केली, हे मला जास्त आवडतं. अकोल्यातच वऱ्हाड समाचारमुळं लिहिण्याची गोडी लागली.

1875 ला मॅट्रिक, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसं आणि वर्तमानपत्रातलं लिखाण यावर दिवस काढले. 1878 ला बी.ए. झाले आणि मग इतिहास-तत्त्वज्ञान घेऊन एम.ए.

आता घरच्यांचा हिशेब बघा. त्या काळात एम.ए. म्हणजे मोठ्या पगाराची सरकारी नोकरी. आई वाट बघत होती. आगरकरांनी तिला पत्रातून कळवलं, की पोटापुरतं मिळालं तरी भागवीन, बाकी वेळ लोकांच्या कामाला देणार. त्या माउलीला ते वाचून काय वाटलं असेल?

डेक्कन कॉलेजातच टिळकांशी गट्टी जमली होती. दोघं चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलकडे वळले. 4 जानेवारी 1881 ला केसरी निघाला, संपादक आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

सुटल्यावर 1883 मध्ये आगरकरांचं विकारविलसित आलं, म्हणजे शेक्सपिअरचा हॅम्लेट मराठीत. महाजनी सरांनी शेक्सपिअरच्याच सिंबेलाइनचं तारा हे नाटक आधीच केलं होतं.