पोरं ज्यांच्या नावाचा ‘सुब्रतो कप’ खेळतात, ते सुब्रतो मुखर्जी होते तरी कोण?

पावसाळा लागला की शाळाशाळांमध्ये एक नाव कानावर पडायला लागतं. सुब्रतो.

पीटीचे सर नोटीस लावतात. जन्मतारखेचे दाखले गोळा होतात. गेल्या वर्षीचे बूट शोधले जातात, नसतील तर मित्राचे मागून आणले जातात. आणि चिखलाच्या मैदानावर सराव सुरू होतो.

समजा, अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या एखाद्या शाळेला या स्पर्धेत उतरायचंय. तर तिचा रस्ता ठरलेला आहे. आधी जिल्ह्याची फेरी. ती जिंकली की अमरावती विभाग, म्हणजे अकोल्यासोबत अमरावती, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ. तिथून पुढे गेलं की राज्यातल्या आठ विभागांचे संघ समोर. आणि राज्यात पहिला नंबर आला की देशपातळीवर खेळायची संधी.

सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या गावातल्या पोराला थेट देशाच्या मैदानावर नेऊ शकेल अशी ही शिडी. पण तिला ज्यांचं नाव आहे ते कोण होते, हे त्या पोराला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. कुणाला वाटतं मोठे फुटबॉलपटू असतील, कुणाला वाटतं कुणी पुढारी असतील.

सुब्रतो मुखर्जी यातलं काहीच नव्हते. ते वैमानिक होते. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख.

त्यांचा जन्म ५ मार्च १९११ चा, कलकत्त्यातला. हे वर्ष भारतीय फुटबॉलसाठी फार मोठं. याच वर्षी २९ जुलैला मोहन बागानच्या अनवाणी खेळणाऱ्या पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असं हरवलं आणि आयएफए शिल्ड जिंकली. तेव्हा सुब्रतो जेमतेम पाच महिन्यांचा होता. पुढे आयुष्यभर तो मोहन बागानचा चाहता राहिला.

घर शिकलेलं आणि नावाजलेलं. वडील सतीशचंद्र मुखर्जी आयसीएस अधिकारी. आईचे वडील डॉ. प्रसन्नकुमार रॉय हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. आजी सरला रॉय यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिलं आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. ही गोखले मेमोरियल शाळा आजही चालू आहे. बहीण रेणुका रे पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या आणि संविधान सभेच्या सदस्य झाल्या.

अशा घरातल्या मुलानं आयसीएस, वकिली किंवा डॉक्टरकी करावी अशी तेव्हाची रीत होती. सुब्रतोनं विमान निवडलं.

पण हे सोपं नव्हतं. भारतीय माणूस विमान चालवू शकतो, सैन्यात अधिकारी म्हणून हुकूम देऊ शकतो, हेच इंग्रज सरकारला मान्य नव्हतं. १९२० च्या दशकात स्कीन समिती बसली. मोतीलाल नेहरू आणि जिना हे दोघंही तिच्यात होते. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा भारतीयांना खुल्या करा, विमानदलाच्या क्रॅनवेल कॉलेजातही त्यांना शिकू द्या, अशी शिफारस या समितीनं केली. त्यातून दार थोडं किलकिलं झालं.

१९३० मध्ये जी पहिली सहा भारतीय पोरं इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला दाखल झाली, त्यातले एक सुब्रतो मुखर्जी. वय होतं १९.

८ ऑक्टोबर १९३२. भारतीय हवाई दलाची स्थापना झाली ती तारीख. आपण दरवर्षी हवाई दल दिन साजरा करतो तो याच दिवशी. आणि मुखर्जी आणि त्यांच्या सोबत्यांना वैमानिक अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली तीही याच दिवशी. म्हणजे हवाई दल आणि मुखर्जींची नोकरी यांचा वाढदिवस एकच.

१ एप्रिल १९३३ ला कराचीजवळच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. स्क्वाड्रन म्हटलं की डोळ्यांपुढे विमानांची रांग येते. प्रत्यक्षात होती फक्त ४ जुनी वापिती विमानं, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे अधिकारी आणि १९ हवाई शिपाई. बस्स. त्या दिवशी भारतीय हवाई दल एवढंच होतं.

तेही टिकेल की नाही अशी अवस्था. सहापैकी एक जण वैमानिक न होता साहित्य पुरवठ्याच्या कामाला गेला. दोघं जण सुरुवातीच्या काळातच विमान अपघातात गेले. भारतीयांना हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना आयतं निमित्त मिळत होतं. अशा वेळी जे टिकून राहिले, त्यांच्या प्रत्येक उड्डाणावर नुसता त्यांचा जीव नाही, तर पुढच्या सगळ्या भारतीय पोरांची संधी टांगलेली होती.

मुखर्जी टिकले.

वायव्य सरहद्दीच्या डोंगरात त्यांनी वर्षानुवर्षं उड्डाणं केली. १९४० मधली तिथली एक गोष्ट हवाई दलात आजही सांगतात. खाली एका ठाण्यावरचे जवान शत्रूच्या वेढ्यात सापडले होते आणि त्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. वरून मुखर्जींनी ते ओळखलं. विमानातून माल खाली टाकायची कसलीच सोय नव्हती. मग त्यांनी आणि सोबतच्या हवाई शिपायानं स्वतःच्या मशीनगनमधल्या गोळ्या काढल्या, पायमोज्यांत भरल्या आणि अगदी खालून विमान नेत त्या जवानांपर्यंत पोचवल्या. ठाणं वाचलं.

मार्च १९३९ मध्ये ते स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. असं पद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, तेही मराठी घरात. पत्नी शारदा पंडित. राजकोटला वाढलेल्या, मुंबईत शिकलेल्या, पण घराणं मूळचं कोकणातलं. विजयालक्ष्मी पंडितांचे पती रणजित पंडित हे शारदाबाईंचे काका.

१९४३ मध्ये कोहाटचा हवाई तळ मुखर्जींच्या ताब्यात आला. अख्खा तळ सांभाळणारे तेच पहिले भारतीय.

मग आलं १९४७. देश स्वतंत्र झाला आणि हवाई दलाचीही वाटणी झाली. विमानं, माणसं, सामान सगळंच विभागलं गेलं. मुखर्जी सर्वात ज्येष्ठ भारतीय अधिकारी होते. आता प्रमुखपद त्यांनाच मिळणार, असं कुणालाही वाटलं असतं.

तसं झालं नाही. लष्कराला जानेवारी १९४९ मध्ये करिअप्पांच्या रूपानं भारतीय प्रमुख मिळाला. हवाई दलात मात्र एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे लागोपाठ तीन इंग्रज प्रमुख झाले आणि मुखर्जी त्यांच्या हाताखाली काम करत राहिले.

कारण साधं होतं. हवाई दल वयानं पंधरा वर्षांचं पोर होतं. मोठी तुकडी चालवायची, दुरुस्तीचे तळ सांभाळायचे, नवीन विमानं निवडायची, याचा अनुभव असलेली भारतीय माणसंच पुरेशी नव्हती. माणसं अशी एका रात्रीत तयार होत नाहीत. ती आधीपासून घडवावी लागतात. ती सात वर्षं त्या घडवणुकीतच गेली.

१ एप्रिल १९५४ ला मुखर्जींनी हवाई दलाची सूत्रं हाती घेतली. पहिली स्क्वाड्रन उभी राहिली त्याला बरोबर २१ वर्षं झाली होती. त्यांच्या काळात मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा, नॅट अशी विमानं ताफ्यात आली. यातल्या नॅटनं आणि हंटरनं १९६५ च्या युद्धात काय केलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता फुटबॉलचा विषय.

१९५० चं दशक म्हणजे भारतीय फुटबॉलचा सोन्याचा काळ. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर. देशात ड्युरँड कप आणि मुंबईचा रोव्हर्स कप जोरात होते. या दोन्ही स्पर्धा इंग्रजांच्या काळात गोऱ्या पलटणींसाठी सुरू झालेल्या. बंगलोर मुस्लिम्सनं १९३७ मध्ये रोव्हर्स आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगनं १९४० मध्ये ड्युरँड जिंकून त्या भारतीयांच्या केल्या.

पण हे सगळं मोठ्या माणसांचं, मोठ्या क्लबांचं. गावातल्या, तालुक्यातल्या शाळेत बॉल मारणाऱ्या पोरानं जायचं कुठं?

मुखर्जींच्या डोक्यात या प्रश्नाचं उत्तर होतं. देशभरातल्या शाळांची मिळून एक फुटबॉल स्पर्धा. १९६० मध्ये ती सुरू झाली. आणि तेच वर्ष त्यांचं शेवटचं ठरलं.

नोव्हेंबर १९६० मध्ये मुखर्जी एअर इंडियाच्या विमानानं टोकियोला गेले. ८ नोव्हेंबरला टोकियोत ते एका मित्रासोबत जेवायला बसले असताना घास श्वासनलिकेत अडकला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. वापितीसारख्या विमानातून सरहद्दीच्या डोंगरांवर उडून सुखरूप परतलेला माणूस जेवणाच्या टेबलावर गेला. वय होतं फक्त ४९. दिल्लीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला.

शारदाबाई खचून घरी बसल्या नाहीत. १९६२ आणि १९६७ अशा दोन निवडणुकांत रत्नागिरीकरांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. पुढे त्या आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि ती स्पर्धा? ती हवाई दलानं जपली. पुढे लहान वयाचा गट आला, मुलींचा गट आला, बांगलादेश-नेपाळसारख्या शेजारी देशांतल्या शाळाही खेळायला येऊ लागल्या. १९९२ मध्ये सिक्कीमच्या डोंगरातून आलेला एक पोरगा या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तिथून देशाच्या नजरेत भरला. त्याचं नाव बायचुंग भुतिया. पुढे तो भारताचा कर्णधार झाला.

प्रत्येक पोरगा भुतिया होणार नाही, हे उघड आहे. बहुतेक संघ जिल्ह्याच्या फेरीतच हरतात आणि चिखलानं भरलेले कपडे पिशवीत कोंबून एसटीनं गावाकडे परततात. पण जिंकत राहिलं तर पुढची पायरी आहे, एवढं त्यांना माहीत असतं.

१९३० मध्ये सहा भारतीय पोरांसाठी एक दार उघडलं, म्हणून १९५४ मध्ये देशाला हवाई दलाचा स्वतःचा प्रमुख मिळाला. त्या सहातल्या एकानं जाता जाता शाळेतल्या पोरांसाठी दुसरं एक दार उघडून ठेवलं. साठ वर्षांहून जास्त काळ झाला, ते अजून बंद झालेलं नाही.