वचनाला जागलेले सामाजी

मुंबईच्या मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीट नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. हे नाव कोणाचे, असा प्रश्न तेथून जाणाऱ्यांना क्वचितच पडतो. ते नाव आहे सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर यांचे.

सामाजी हे बेने इस्रायल समाजाचे होते. हा यहुदी समाज शेकडो वर्षे कोकणात राहिला आणि मराठी बोलू लागला. तेलाचे घाणे चालवावेत आणि शनिवारी काम बंद ठेवावे, अशी त्यांची रीत होती. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. अठराव्या शतकात यांतील अनेक कुटुंबे मुंबईस आली. कित्येक तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिरले. सामाजी व त्यांचे बंधू इसाजी त्यांपैकीच होत.

१७८० ते १७८४ या काळात इंग्रजांचे म्हैसूरकरांशी युद्ध झाले. त्यात सामाजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडले. परमुलखात, कैदेत, उद्याचा दिवस दिसेल की नाही याचीही शाश्वती नव्हती. अशा वेळी त्यांनी देवाला नवस केला, की सुखरूप घरी परतलो तर तुझ्यासाठी प्रार्थनामंदिर बांधीन, असे त्या समाजात परंपरेने सांगतात.

पुढे त्यांची सुटका झाली. संकट टळले की माणूस नवस विसरतो. सामाजी विसरले नाहीत. १७९६ साली त्यांनी मुंबईत सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, उभे केले. मुंबईतील ते पहिलेच सिनेगॉग होय.

मंदिर झाले, तरी सामाजींनी विसावा घेतला नाही. प्रार्थनेच्या वेळी वाचावयाची धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी हवी होती. ती मिळवण्यासाठी ते दूर कोचीनला गेले, असे सांगतात. कारण तेथे यहुद्यांची जुनी वस्ती होती. त्या प्रवासातून ते परतले नाहीत. १७९७ साली कोचीन येथेच त्यांचा अंत झाला.

पुढे मुंबईत दुसरे सिनेगॉग झाले, तेव्हा सामाजींच्या सिनेगॉगला लोक जुनी मशीद म्हणू लागले. १८६० साली ते मूळ जागेवरून हलवून नव्या वास्तूत नेण्यात आले. १८९६ साली त्याला शार हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हे नाव मिळाले.

सामाजींची ती पहिली वास्तू मागे पडली. पण संकटात दिलेला शब्द सुखाच्या दिवसांत पाळणाऱ्या त्या शिपायाचे नाव त्या रस्त्याने जपून ठेवले आहे.