सरकारी कारखान्याचे कुशल कारभारी

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निघताच धरणे आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आठवतात. सरकारी मालकीचा उद्योग व्यापारी शिस्तीने चालवून दाखविणारे प्रशासक, ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण झाल्यावर त्यांनी उद्योगांकडे लक्ष वळविले. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर उभी राहिली. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात थांबली, तेव्हा १९१६ मध्ये संस्थानाने चंदनतेल आणि साबण स्वतःच तयार करण्यास आरंभ केला.

भद्रावतीचा लोखंड कारखाना हे त्यांचे सर्वांत मोठे आणि सर्वांत वादग्रस्त स्वप्न. त्या भागात लोहखनिज होते, दगडी कोळसा नव्हता. म्हणून जंगलातील लाकडाच्या कोळशावर भट्टी चालविण्याचे ठरले. काम सुरू झाले, पण मागासवर्गीयांना नोकऱ्यांत प्राधान्य देण्याच्या धोरणावरून महाराज कृष्णराज वडियार यांच्याशी मतभेद होऊन विश्वेश्वरय्या १९१८ च्या अखेरीस दिवाणपदावरून दूर झाले.

१९२३ मध्ये उत्पादन सुरू झाले ते प्रतिकूल काळात. युद्धोत्तर मंदीत लोखंडाचे भाव कोसळले होते. खर्च अंदाजापलीकडे गेला होता आणि जनतेच्या पैशावर हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. अशा वेळी जुने मतभेद बाजूला सारून महाराजांनी त्यांनाच पाचारण केले. साठी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांनी व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९२९ पर्यंत सांभाळले.

त्यांची कार्यपद्धती सरळ होती. खर्चाचा काटेकोर हिशेब, अनावश्यक खर्चाला कात्री, परदेशी तज्ज्ञांच्या जागी प्रशिक्षित स्थानिक माणसे आणि कच्च्या लोखंडाबरोबरच बिडाच्या पाइपांसारखा विकला जाणारा माल. तोटा आटोक्यात आला. गुंतविलेल्या भांडवलावर भरघोस परतावा मात्र मिळाला नाही. स्थानिकांच्या हातांना मिळालेले कौशल्य हीदेखील मिळकतच आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९३४ मध्ये भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा ग्रंथरूपाने मांडताना त्यांच्या गाठीशी हा अनुभव होता.

१९५५ मध्ये त्यांना 'भारतरत्न' किताब मिळाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यानंतर, त्यांचे निधन झाले. कारखान्याला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९९८ मध्ये तो स्टील अथॉरिटी ऑफ इंडियात विलीन झाला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने तो बंद करण्यास मंजुरी दिली. कामगार रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही उत्पादन पुन्हा सुरू झाले. सार्वजनिक उद्योगाचे मोल केवळ ताळेबंदावर ठरवायचे काय, हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न भद्रावतीत पुन्हा उभा राहिला. विश्वेश्वरय्यांनी त्याचे उत्तर ताळेबंद सुधारूनच शोधले होते.