दादासाहेब फाळके : कर्तृत्व आणि कर्तेपणाचे माप

एखाद्या कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. १८९८-९९ मध्ये ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिल्या गेलेल्या लेखमालेतून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन भिन्न पुरुष होत, असे प्रतिपादन झाले. त्यानंतर भाषेची रूपे, दैवतनिष्ठा, नाममुद्रा आणि पोथ्यांची परंपरा हे कर्तृत्वनिर्णयाचे पुरावे मराठी संशोधनात चांगलेच रुळले. हे सर्व पुरावे ‘संहिता शब्दांची असते’ या गृहीतावर उभे आहेत. ज्या कृतीत शब्द दुय्यम आहेत आणि जिच्यावर एकाच वेळी अनेकांचे हात फिरलेले आहेत, तिच्या बाबतीत कर्तेपण कशाने मोजावयाचे? धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्रात हा प्रश्न पदोपदी समोर येतो. त्यांच्या चरित्रकारांनी तो बहुधा ‘जनक’ या एका शब्दाने मिटवून टाकला आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे चित्रकलेबरोबरच छायाचित्रण, शिळाछाप आणि वास्तुरेखन अशा विविध विद्या त्यांनी हस्तगत केल्या. गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय, तेथे पत्नी व अपत्य यांचा मृत्यू, १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी दुसरा विवाह, त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि स्वदेशीच्या लाटेत तिचा त्याग हा क्रम सर्वपरिचित आहे. मधल्या काळात स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. पुढे कर्तेपणाविषयी अतिशय जागरूक राहिलेल्या या माणसाने आरंभी स्वतःचे नाव असे उलटे करून ठेवावे, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे.

कर्तृत्वाच्या दृष्टीने या पूर्वायुष्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा छापखान्याचा आहे. लोणावळे परिसरात फाळके यांनी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी ठसे तयार करण्याचे काम केले आणि नंतर भागीदारीत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ चालविले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. रविवर्म्याचे चित्र घरोघर पोहोचले ते रविवर्म्याच्या नावावर. दगडावर वा ठशावर ज्याने ते उतरविले, त्याचे नाव ग्राहकाला क्वचितच कळे. फाळके या दुसऱ्या, अनाम पंक्तीत बसून काम शिकले. भागीदारांशी मतभेद होऊन छापखाना सोडावा लागला, तेव्हा कसब आपले असले तरी यंत्र दुसऱ्याचे आहे, या वस्तुस्थितीचा त्यांना पहिला अनुभव आला. पुढील आयुष्यात तो पुन्हा आला. दुसऱ्या खेपेस यंत्राबरोबर चित्रपटही गेले.

ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी मुंबईत पाहिला. साधनांमध्ये या घटनेचे वर्ष कोठे १९१०, तर कोठे १९११ असे मिळते. तो पाहताना पडद्यावर राम आणि कृष्ण दिसावेत ही कल्पना त्यांच्या मनात आली. पुढील काही महिने रात्रंदिवस चित्रपट पाहणे आणि प्रयोग करणे यात गेले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टी गेली. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या साहाय्याने त्यांनी तंत्र पाहून घेतले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन एप्रिलमध्ये परतले. भांडवलासाठी त्यांनी प्रथम दाखविला तो कथापट नव्हता. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि ती मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर घडवून दाखविली. नाडकर्णी या छायाचित्रण-साहित्याच्या व्यापाऱ्याने ती पाहून कर्ज देऊ केले. म्हणजे फाळके यांचे कर्तृत्व प्रथम सिद्ध झाले ते एका अनुबोधपटाने. या पटातील रोप निसर्गाचे आहे. कर्त्याचे काम काय, तर केव्हा टिपावयाचे आणि किती काळ वगळावयाचा, एवढेच.

दादरच्या मथुरादास भवनात ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून कोरोनेशनमध्ये तो जाहीररीत्या दाखविण्यात आला. लांबी ३७०० फूट, चार रिळे. कथायोजना, दिग्दर्शन, वेषभूषा, देखाव्यांची आखणी, प्रक्रिया आणि संकलन यांवर फाळके यांचा हात होता. येथवर ‘एकहाती’ हे विशेषण सार्थ वाटते. परंतु कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. तारामती उभी केली ती उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांनी. हेच साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसतात. आणि सरस्वतीबाई होत्या. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला छिद्रे नसत. ती रात्री काळोखात हाताच्या अंदाजाने पाडावी लागत आणि हे काम त्यांच्याकडे होते. रसायने मिसळणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करणे आणि पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक करणे, हेही त्यांच्याच अंगावर होते. यांपैकी छिद्रे पाडण्याचे काम कोणत्याही कॅमेऱ्याने टिपणे शक्यच नव्हते, कारण प्रकाशाचा किरण आत आला असता तर फिल्म वाया गेली असती. पडद्यावरील प्रत्येक चौकट मात्र त्या छिद्रांच्या आधारानेच सरकत होती. श्रेयनामावलीच्या मापात हे काम बसत नाही. म्हणून चरित्रकार ते ‘पत्नीची साथ’ या सदरात टाकतात आणि पुढे जातात. हे वर्गीकरण चुकीचे आहे. काम तांत्रिक होते आणि त्याची नोंद तंत्रज्ञाचे काम म्हणूनच व्हावयास हवी.

‘पहिला’ कोण, हा वादही मापाचाच वाद आहे. १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. १८ मे १९१२ रोजी, म्हणजे फाळक्यांच्या आधी वर्षभर, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ त्याच कोरोनेशनमध्ये दाखविला गेला. ‘पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रण होते, छायाचित्रकार इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली, अशा कारणांनी तो बाजूस सारला जातो. हे निकष अयोग्य आहेत असे नाही. पण ते निरपेक्षही नाहीत. चित्रणाचे आद्यत्व धरले तर सावेदादा पुढे येतात, कथानकाचे धरले तर तोरणे, आणि संपूर्ण निर्मितीप्रक्रियेवरील ताबा हे माप घेतले तरच फाळके. चित्रपटाच्या कर्त्याची व्याख्या फाळके यांच्या कार्यपद्धतीवरून बेतली गेली आणि मग त्या व्याख्येने फाळके यांनाच मोजले गेले.

ही व्याख्या घडविण्यात स्वतः फाळके यांचा वाटा मोठा आहे. १९१३ मध्येच त्यांनी बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला होता. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर त्यांनी लेख लिहिले. त्यांत उद्योगाचा इतिहास आणि आत्मचरित्र एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. त्याच सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक छोटा पट त्यांनी काढला. त्याचा जो अंश उपलब्ध आहे त्यात फाळके नटांना सूचना देताना आणि फिल्म निरखताना दिसतात. दिग्दर्शक हा चित्रपटाचा लेखक होय, हा विचार फ्रान्समध्ये त्रुफो यांनी १९५४ मध्ये मांडला आणि पुढे तो जगभर गाजला. नाशिकच्या कारखान्यात त्याच्या जवळजवळ चार दशके आधी एका निर्मात्याने कॅमेरा स्वतःकडे वळवून तोच दावा चित्रित केला होता. मात्र ज्या पटात कर्ता आपले कर्तेपण दाखवितो तो पटही रचलेला असतो. अनुबोधपट म्हणून त्याचा पुरावा वापरताना एवढे भान आवश्यक आहे.

मग कृतीवरूनच कर्ता ओळखावा, तर तेथेही अडचण आहे. शब्दांची लांबी मोजून लेखक ओळखण्याचा प्रयत्न अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मेंडेनहॉल यांनी १८८७ मध्ये केला. तीच दृष्टी चित्रपटास लावून बॅरी सॉल्ट यांनी १९७४ पासून प्रत्येक चित्रखंडाची सरासरी लांबी मोजण्याची पद्धत रूढ केली. ‘राजा हरिश्चंद्र’ला ती लावावयाची तर प्रथम काळच ठरत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने ३७०० फूट सुमारे ६२ मिनिटे चालतात, तर पुढे रूढ झालेल्या २४ च्या गतीने सुमारे ४१. मूकपटाच्या काळी यंत्र हाताने फिरविले जाई, म्हणजे गती चालकागणिक बदले. शिवाय आज उपलब्ध आहेत ती पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे. तीही १९१३ ची नसून १९१७ च्या सुमारास फाळके यांनीच पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत, असे अनेक चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्याला ही स्थिती ओळखीची वाटेल. मूळ प्रत नाही, उत्तरकालीन प्रत आहे, फरक एवढाच की प्रतिलिपिकार स्वतः कर्ताच आहे. २००३ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील नायट्रेट फिल्मना आग लागली, तिच्यानंतर तर या प्रकारच्या अभ्यासासाठी मूळ साधन फारच थोडे उरले आहे.

१९१८ मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. भांडवल भागीदारांचे, कसब फाळक्यांचे. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि कन्या मंदाकिनी हिने कृष्ण साकारलेला ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट गाजले. यश आले तसा खर्चाच्या हिशेबावरून भागीदारांशी खटका उडाला. छापखान्यातील प्रसंगाची ही पुनरावृत्ती होती, पण यावेळी वाद चित्रपट कसा काढावा यापर्यंत पोहोचला. कंपनीत काढलेल्या चित्रपटांवर हक्क कंपनीचा होता. निर्मात्याकडे उरला तो केवळ लौकिक. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले.

काशीत त्यांनी ‘रंगभूमि’ हे मराठी नाट्यव्यवसायावरील दीर्घ, उपरोधिक नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते रंगमंचावर आले आणि चालले नाही. फाळके यांच्या चरित्रात या नाटकाला अपयशाचे प्रकरण एवढीच जागा मिळते. वस्तुतः कर्तृत्वाच्या दृष्टीने त्याचे स्थान अगदी वेगळे आहे. तेलंगांचा कॅमेरा नाही, साळुंके यांचा चेहरा नाही, सरस्वतीबाईंचा काळोखातला हात नाही, भागीदार नाहीत. ज्याला निखळ वाङ्मयीन अर्थाने एकट्या फाळक्यांचे म्हणावे असे त्यांच्या प्रौढ वयातील मोठे काम हेच. ते प्रयोगात पडले म्हणून उपेक्षिले जाते, आणि जे अनेकांच्या श्रमाने उभे राहिले ते एकट्याच्या नावावर जमा होते.

त्याच वर्षी ते कंपनीत परतले आणि मूकपटाचे युग संपेपर्यंत काम करीत राहिले. या काळातील नामावळी हा स्वतंत्र गोंधळ आहे. एकीकडे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट असा आकडा वारंवार छापला जातो, दुसरीकडे ४४ मूकपट, काही लघुपट व एक बोलपट अशी गणना केली जाते. कंपनीत इतरांनीही चित्रपट दिग्दर्शित केले होते. ते धरावयाचे की वगळावयाचे, यावर आकडा बऱ्याच अंशी अवलंबून राहतो. त्याने फाळके यांच्या थोरवीत उणे-अधिक होत नाही. परंतु मोठा आकडा स्वीकारताना त्या इतरांची नावे पुसली जातात, हे संशोधकाने तरी विसरू नये.

बोलपट आल्यावर फाळके मागे पडले. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट काढला. त्यानंतरचे दिवस नाशिकला आर्थिक ओढग्रस्तीत गेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. इसाक मुजावर, बापू वाटवे आणि जया दडकर यांनी मराठीत त्यांची चरित्रे लिहिली. त्यांपैकी दडकरांचे चरित्र कागदपत्रांच्या छाननीमुळे अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते. २०१३ मध्ये, भारतीय चित्रपटाच्या शताब्दी वर्षात, कमल स्वरूप यांनी फाळके यांच्यावर एक अनुबोधपट केला. नाशिकचा कारखाना आणि कोरोनेशनचा पहिला खेळ हे प्रसिद्ध प्रसंग मध्यवर्ती न करता ते वाराणसीस गेले, आणि फाळक्यांचा तेथील निवास व ते नाटक हाच त्यांनी विषय केला. पटाला नावही त्यांनी नाटकाचेच दिले.