पंडिता रमाबाईंनी देवाच्या भरवशावर दोन हजार जणींचा संसार कसा चालवला?

पंडिता रमाबाई म्हटलं की संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शाळा काढणाऱ्या समाजसुधारक अशी ओळख सांगितली जाते. पण त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न लहानपणापासून शेवटपर्यंत होता, तो पैशाचा. देवावर विश्वास ठेवायचा, तर पैशाचं नियोजन करायचं की नाही?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि अत्यंत श्रद्धाळू. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. दुष्काळ पडला तेव्हा दागिने, कपडे, भांडीकुंडी विकून आलेला पैसाही दानधर्मात गेला. देव पुन्हा देईल ही खात्री होती. मोलमजुरी करायला मात्र विद्वत्तेचा आणि जातीचा अभिमान आड आला, आणि अंगमेहनतीचं कोणतंही काम कुणाला शिकवलेलं नव्हतं. १८७४ च्या सुमारास आईवडील दगावले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. ही उपासमार रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

पुढे लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती वारले. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथून अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. त्यातून बोस्टनला १८८७ मध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

दहा वर्षांनंतर काय, हा विचार रमाबाईंनी मुदत संपण्याची वाट न बघता केला. दौंडजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं हा हेतू होता.

याच काळात त्यांनी जॉर्ज म्युलर यांच्याबद्दल वाचलं. म्युलर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला मोठी अनाथालयं चालवत, पण कुणाकडे पैसे मागत नसत, फक्त प्रार्थना करत. हे भारतातही जमेल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला.

उत्तर लवकरच द्यावं लागलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. भुकेलेल्या मुली, तरुण विधवा आणि त्यांना फसवून नेणारे दलाल त्यांनी पाहिले. हातात शिल्लक नव्हती. शहाणपणाने पाहिलं तर माघारी फिरायला हवं होतं. प्रार्थना करून त्यांनी ३०० मुलींना सांभाळायचं ठरवलं. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवण्यावर बंधनं आली, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्यांत नेलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

१८९८ मध्ये अमेरिकेची मुदत संपली. रमाबाई पुन्हा तिकडे गेल्या आणि मदतीसाठी नवी संस्था उभी राहिली. पण १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्यांना पुरेल असा कायमचा निधी नव्हता. रोजची गरज प्रार्थनेत मांडली जायची, आणि देशविदेशांतून देणग्या येत राहायच्या.

मात्र मुक्तीत कुणी नुसतं बसून राहत नव्हतं. शेती, गुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामं मुली आणि बायका स्वतः करत. ज्या घरात रमाबाई वाढल्या तिथे भक्ती भरपूर होती, पण हाताला काम नव्हतं. केडगावात प्रत्येकीला अक्षरओळखीबरोबर एखादं कसब मिळावं, हा त्यांचा आग्रह होता. देव देतो ही श्रद्धा वडिलांची होती तशीच त्यांचीही राहिली. पण आलेला पैसा आता मुलींच्या ताटात, विहिरीत आणि मागावर जात होता.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्था पुढे त्याच सांभाळतील, ही रमाबाईंची आशा होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.