केडगावच्या शिवारात आशा पिकवणाऱ्या पंडिता रमाबाई



चैत्राच्या आगेमागे रब्बीची खळी उरकलेली असतात, विहिरी तळ गाठू लागतात आणि माणूस आभाळाकडे बघायला लागतो. नेमक्या याच दिवसांत ख्रिस्ती कुटुंबांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपून उत्तम शुक्रवार आणि त्यानंतरच्या रविवारी ईस्टर येतो. शुक्रवारी क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही या सणामागची श्रद्धा. म्हणजे सगळं संपलं असं वाटलं तेव्हा सुरुवात झाली, असा हा सण आहे. तुमचा देव कोणताही असो, पेरलेलं दाणं मातीत गाडून घेतल्याशिवाय कोंब येत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

आज तुम्हाला अशा एका बाईची हकिकत सांगायची आहे, की जिला दुष्काळानं पोरकं केलं, एका पुस्तकानं उभं केलं आणि जिनं मग पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या शिवारात शेकडो पोरक्या मुलींना उभं केलं. पुण्याहून दौंडकडे रेल्वेनं जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंची ही गोष्ट.

रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण त्या काळच्या मानानं वेगळ्याच विचाराचे. बायकोला संस्कृत शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. शेवटी ते सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी जाऊन राहिले. तिथंच रमाबाई जन्मल्या. संस्कृत त्यांना आईनं शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत पुराणांतले अठरा हजार श्लोक त्यांना पाठ होते, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे.

पुढं पैसा संपला, रानातलं घर सुटलं. सगळं कुटुंब तीर्थाटनाला निघालं. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं, आणि उरलेलं दानधर्मात घालायचं, असा त्यांचा क्रम होता.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. भांडीकुंडी, दागिने, सगळं विकलं गेलं. भीक मागायची नाही आणि अंगमेहनतीचं काम आपल्या जातीला शोभत नाही, अशा अडकित्त्यात कुटुंब सापडलं. या वृथा अभिमानाबद्दल रमाबाईंनी पुढं स्वतःच मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. काही महिन्यांच्या अंतरानं आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच मागे राहिले.

वाळूच्या खड्ड्यातली रात्र

ही भावंडं हजारो मैल पायी हिंडली. मूठभर दाणे भिजवून मिठाबरोबर खायचे, कधी रानातली बोरं-फळं, कधी तेही नाही. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत पडून डोकं सोडून बाकीचं अंग वाळूनं झाकून घेतलं आणि रात्र काढली. सकाळी दोघं खड्ड्यातून उठून पुन्हा चालू लागली. ही हकिकत रमाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. दुष्काळात कोण कशाला मुकतं, हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या वाटेवर घडली. इतकी तीर्थं केली, इतके उपास केले, सांगितलेली सगळी व्रतं पाळली, तरी हाती काही आलं नाही, असं त्यांना वाटू लागलं. जुनी श्रद्धा ढिली झाली होती, आणि तिची जागा घेईल असं दुसरं काही समोर नव्हतं.

हातात आलेलं पुस्तक

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथंच ख्रिस्ती लोकांच्या एका बैठकीत कुणीतरी त्यांना संस्कृतातलं बायबल भेट दिलं. गंमत बघा, संस्कृत तोंडपाठ असलेल्या बाईला ते काही कळेना. भाषा परकी, रचना परकी. त्यांनी ते बाजूला ठेवून दिलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वर वेगळ्या जातीचा, त्यामुळं दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. संसार आसामातल्या सिल्चरला थाटला. तिथं घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. लहानसं पुस्तक, पण या वेळी भाषा समजणारी होती. त्या ते आवडीनं वाचू लागल्या. नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी वैधव्य, पदरात दहा महिन्यांची पोर.

त्या पुस्तकात काय आहे हेही थोडं सांगायला हवं. लूकच्या शुभवर्तमानात एका विधवेचा मेलेला एकुलता एक मुलगा येशू उठवून तिच्या हाती देतो. शेवटी रविवारी पहाटे कबर रिकामी दिसते ती बायकांना. त्या धावत येऊन पुरुषांना सांगतात, आणि पुरुषांना ती बायकांची बडबड वाटते. ईस्टरची पहिली बातमी अशी बायकांच्या तोंडून निघाली आणि आधी कुणी मानली नाही.

विहिरीवरची गोष्ट

नवरा गेल्यावर रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं मुलींच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. बायकांना बायकाच डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात, हे त्यांनी ठासून सांगितलं. १८८३ मध्ये शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात उतरल्या.

त्या जोगिणींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं प्रेमानं सांभाळत. रमाबाई चकित झाल्या. टाकलेल्या बाईला कुणी जवळ घेतं, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. हे लोक असं का वागतात म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा एका जोगिणीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट अशी आहे. भर दुपारी येशू थकून एका जुन्या विहिरीवर बसला आहे. शोमरोनी जमातीची एक बाई घागर घेऊन येते. यहुदी लोक या जमातीशी व्यवहार ठेवत नसत, त्यातून ही बाई पाच नवरे करून सहाव्याबरोबर राहणारी. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटतं. मग जो पुन्हा तहान लागू देत नाही अशा झऱ्याबद्दल तो तिच्याशी बोलतो. देवाची भक्ती अमुकच डोंगरावर करावी असं नाही, हेही तिलाच सांगतो. ती घागर तिथंच टाकून गावात बातमी द्यायला पळते.

पाणवठ्यावरून आपल्याकडं काय काय घडलेलं आहे ते तुम्ही जाणता. रमाबाईंना ही गोष्ट भिडली यात नवल नाही. बायकांना सरळ मोक्षाचा अधिकार नाही, असं त्यांनी वाचलेल्या धर्मग्रंथांत त्यांना दिसलं होतं. इथं एक गुरू टाकलेल्या बाईच्या हातचं पाणी मागत होता. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणून त्या इंग्रजांच्या अंकित झाल्या असं मात्र समजू नका. मठातल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे मोठे वाद झाले. शास्त्र मी स्वतः वाचीन, समजून घेईन आणि मग मानीन, हा त्यांचा बाणा. मांसाहार त्यांनी केला नाही, पांढरं लुगडं सोडलं नाही. आणि धर्म स्वीकारल्यावरही मनाची शांती यायला पुढं सात-आठ वर्षं गेली. धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा होता, असं त्यांनी नंतर लिहिलं. विश्वास काही एका रात्रीत पिकत नाही.

टीका आणि वादळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथं गावोगाव भाषणं देऊन बालविधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढं महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

सदनात धर्माची सक्ती करायची नाही असं ठरलेलं होतं. पण बाई आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि काही मुली तिथं जाऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात रण पेटलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या, केसरीनं झोडपलं. विरोधकांचं म्हणणं, विश्वासानं पाठवलेल्या मुलींचा धर्म बदलला जातोय. बाईंचं म्हणणं, मी कुणाला ओढत नाही, पण माझं दारही लावून घेणार नाही. दोन्हीकडून जे बोललं गेलं त्यात तथ्य होतं. त्यांच्या वाट्याला एकटेपण आलं ते कायमचंच.

शंभर एकरांचा हिशेब

आता तुमच्या जिव्हाळ्याचा भाग. अमेरिकेतल्या मंडळानं मदत कबूल केली होती ती दहाच वर्षांची. ती थांबल्यावर काय, हा विचार बाईंनी आधीच केला. त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. मदत संपेल तोवर बाग फळाला येईल आणि शाळा बागेच्या उत्पन्नावर चालेल, असा सरळ शेतकरी हिशेब होता.

पण फळ येण्याआधीच माणसं आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंना स्वतःचे दिवस आठवले आणि त्या तिकडं गेल्या. अन्नछत्रांत, दुष्काळी कामांवर एकट्या पडलेल्या पोरी बघितल्या. त्यांच्यावर टपलेले दलालही बघितले. सुमारे तीनशे बायका-मुली त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची भीती, शहरात ठेवायची सोय नाही. मग केडगावच्या शेतातच तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

नुसतं बसवून खाऊ घालणं बाईंना मान्य नव्हतं. ज्या अंगमेहनतीला कमीपणा समजून आपले आईबाप उपाशी मेले, तीच त्यांनी इथं मानाची केली. शेत, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळी कामं बायकांच्या हाती. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढलं.

चुलीपुढच्या भाषेतलं शास्त्र

कलकत्त्याचं ते न कळलेलं संस्कृत बायबल आठवतंय ना? मुक्तीतल्या मुलींपुढं तीच अडचण होती. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना जड जाई. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. हे काम त्यांनी पंधरा वर्षांहून अधिक केलं. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. संपूर्ण बायबल मुळावरून एकहाती भाषांतरित करणारी बाई जगात विरळाच.

अखेरची परीक्षा कठीण होती. सगळं काम जिच्यावर सोपवायचं ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. बाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ते काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, अवघ्या अकरा दिवसांवर. ग्रंथ पुरा छापून निघालेला त्यांना बघायला मिळाला नाही. पण त्यांची संस्था शंभर वर्षांनंतरही केडगावात उभी आहे.

आपण काय घ्यायचं?

वाचकहो, धर्म बदलावा म्हणून ही गोष्ट सांगितली नाही. बाईंना जे त्यांच्या शास्त्रात मिळालं ते तुम्हाला तुमच्या गाथेत, ज्ञानेश्वरीत, कुराणात किंवा धम्मग्रंथात मिळत असेल. प्रश्न एवढाच, की वाचलेलं बांधापर्यंत पोचतं का? रमाबाईंनी विहिरीवरची गोष्ट वाचली आणि विहीर खणली. रिकाम्या कबरीची गोष्ट वाचली आणि ज्यांना जगानं मेल्यात जमा केलं होतं त्यांना हाताला धरून उठवलं.

दुष्काळात जमीन सगळ्यांचीच करपते, पण पहिली मोडते ती एकटी बाई. आपल्या गावात नवरा गेलेली, कर्ज मागं राहिलेली अशी कोणी आहे का, बघा. सातबाऱ्यावर तिची वारस नोंद झाली का? योजनेच्या यादीत तिचं नाव आहे का? टँकर आल्यावर तिची घागर भरते का? गावकारभाऱ्यांनो, ही चौकशी तिनं तुमच्या दारात येऊन करायची वाट बघू नका. तुम्हीच तिच्या दारात जा.

आणि ज्या घरात सध्या सगळं संपल्यासारखं वाटतंय, त्यांनी झेलमकाठचे ते दोन खड्डे आठवावेत. रात्र मोठी होती आणि वाळू गार होती. पण सकाळी ती दोघं पोरं उठून चालू लागली होती.